शिकेकाई, माका आणि बाटलीवरची बारीक अक्षरे

मस्कत

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मिळाला. आजी दर रविवारी शिकेकाईनेच न्हायला लावते, मैत्रिणी ‘सल्फेट-फ्री’ शाम्पू घे म्हणतात, आणि तू आणलेल्या बाटलीवर पुढे शिकेकाईचे चित्र, तर मागे न उच्चारता येणाऱ्या नावांची रांग आहे. तेव्हा यातले खरे नैसर्गिक कोणते आणि आजीच्या फडताळातल्या डब्यांत नेमके काय असते, असे तू विचारले आहेस. फोनवर सांगितले असते तर अर्धे निसटले असते, म्हणून लिहून पाठवते. रुग्णालयाच्या औषधालयात दिवसभर बारीक अक्षरे वाचणे हेच माझे काम असल्यामुळे पत्र थोडे लांबेल.

‘नैसर्गिक की रासायनिक’ हा वाद मी बाजूला ठेवते, कारण त्याच्या निकालाने तुझ्या केसांचे काही ठरत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थाबद्दल एकच विचारावे, की तो कोणते काम करतो. मळ काढतो, तेल पुरवतो, केस सुटसुटीत करतो, रंग देतो, वास देतो, की माल नासू देत नाही? आजीचे डबे आणि तुझी बाटली यांची वाटणी याच कामांत होते.

शिकेकाई आणि रिठा यांचे काम मळ काढण्याचे. शिकेकाई ही घाटातल्या रानात चढणाऱ्या काटेरी वेलीची शेंग आणि रिठा हे झाडाचे फळ. दोन्हींत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला, त्यामुळे डोक्यावरचे तेल, घाम आणि धूळ पाण्याबरोबर वाहून जाते. साबणाचे कामही असेच चालते, पण साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) ९ ते १० च्या घरात जातो आणि त्याने केसावरचे सूक्ष्म खवले उघडून केस खरखरीत होतात. शिकेकाईचा काढा मात्र किंचित आम्ल असतो, म्हणून अंगाच्या साबणाने डोके धुण्यापेक्षा शिकेकाई बरी, हे आजीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तिच्या शेंगा बिया काढून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या आणि पाणी गाळून वापरायचे. नुसती पूड पाण्यात कालवून डोक्याला थापली, तर तिचे कण चार दिवस केसांत सापडत राहतात. फेस थोडा येतो. फेस आणि स्वच्छता यांचा फारसा संबंध नसतो, हे तू विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून लक्षात ठेवावेस.

रिठा अधिक तीव्र आहे. सोनार दागिने उजळायला आणि जुन्या बायका रेशमी लुगडी धुवायला तो वापरत. डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते, आणि त्याच्या सॅपोनिनांनी मासे मरतात, म्हणून उरलेले पाणी तुझ्या माशांच्या टाकीजवळही नेऊ नकोस. झाडावरून आले म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत रिठ्यापाशीच संपते. तुझे केस कोरडे आहेत, तेव्हा आजीच्या मिश्रणात रिठा जास्त आणि शिकेकाई कमी असेल, तर ते प्रमाण उलटे करायला तिला सांग.

आता बाटलीकडे येऊ. ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ आणि ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ हीसुद्धा दोन टोकांची मळ काढणारी द्रव्येच आहेत. पहिले त्वचेला अधिक कडक, दुसरे त्याचेच थोडे सौम्य केलेले रूप. यांतला ‘लॉरिल’ भाग बहुधा खोबरेल तेलापासून किंवा पामच्या बियांच्या तेलापासून काढलेला असतो. म्हणजे ज्याला मैत्रिणी रसायन म्हणून नावे ठेवतात, त्याचे मूळ एखाद्या माडावरही असू शकते. ‘सल्फेट-फ्री’ बाटलीत याच्या जागी कोको-ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेन असते. तीही नारळाची नातवंडे, फक्त स्वभावाने मऊ. त्यांतल्या बीटेनचीही काहींना ॲलर्जी होते. २००४ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला ‘वर्षाचे ॲलर्जन’ ठरवले होते. केस कोरडे किंवा कुरळे असतील तर सल्फेट नसलेला शाम्पू जरूर घ्यावा, परंतु आठवडाभर तेल चोपडून ठेवलेले डोके त्याने एका धुण्यात निघत नाही, हेही खरे.

तेलाविषयी सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरात सर्वांत जास्त मते याच विषयावर आहेत. केस मुळातून बाहेर आला की तो केराटिन नावाचे निर्जीव प्रथिन असतो. त्याला ‘पोषण’ देता येत नाही, झीज तेवढी कमी करता येते, आणि हे काम खोबरेल इतर तेलांपेक्षा चांगले करते. त्यातले मुख्य स्निग्धाम्ल म्हणजे लॉरिक आम्ल. त्याची साखळी आखूड व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते. रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी किंवा नंतर लावले असता केसातून निघून जाणारे प्रथिन कमी करणारे तेल त्या तिघांत खोबरेलच ठरले. संशोधक मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, ही गोष्टही मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरी निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की न्हाण्यापूर्वी तास-दोन तास तेल लावणे उपयोगाचे आहे, आणि डोके तेलकट ठेवून आठवडा काढण्यात विशेष लाभ नाही. कोंडा असेल तर उलट तोटाच आहे, कारण मॅलेसेझिया नावाची जी बुरशी कोंड्याला कारण होते, ती डोक्यावरच्या तेलावरच जगते. ‘कोंडा झालाय, तेल लाव’ हा सल्ला आजीने प्रेमाने दिला तरी तो ऐकू नकोस. केस किती वाढतात, हेही सांगून ठेवते: महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, आणि दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते. कोणतेही तेल लावून महिन्यात वेणी कमरेपर्यंत पोचत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाल्लेल, म्हणजे खोबरेल, विकणारी बाई ‘बघ, कसे थिजते, शुद्ध आहे’ असे सांगते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते हे बरोबर आहे, म्हणूनच आपल्या फोंड्यात ते थंडीच्या पहाटे तेवढे गोठते. पण पामच्या बियांचे तेलही जवळपास तसेच थिजते, त्यामुळे ही शुद्धतेची खूण धरता येत नाही. वास आणि विश्वासातला घाणा, यांवरच भिस्त ठेवावी. दुकानातल्या खोबरेलाच्या बाटलीवर केसांचा उल्लेखही का नसतो, असे तू मागे विचारले होतेस. त्याचे कारण कराचे आहे: खाद्यतेलावर ५ टक्के आणि केशतेलावर १८ टक्के, असा फरक बरीच वर्षे होता. लहान बाटलीतले खोबरेल केशतेल मानावे की खाद्यतेल, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी निकाल लागला, की केशतेल म्हणून विकले जात नसेल तर ते खाद्यतेलच. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात केशतेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला.

आजीचे माक्याचे तेल हा या सगळ्यातला सर्वांत कष्टाचा प्रकार. माका शेताच्या मेरेवर, ओलसर जागी उगवतो, त्याला बारीक पांढरी फुले येतात, आणि पाने चुरगळली की बोटे काळी पडतात. ही परीक्षा नेहमी करावी, कारण एकदांडीला माका समजून आणणारे पुष्कळ आहेत. पिवळ्या फुलांचा ‘पिवळा माका’ ही वेगळी वनस्पती आहे. तेल सिद्ध करण्याचे जुने प्रमाण असे: वाटलेला गोळा, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग, सगळे मंद आचेवर ठेवून पाणी पूर्ण आटवायचे. आजी कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवते आणि तडतड ऐकते, ती उगाच नव्हे. तडतडले तर पाणी शिल्लक आहे, आणि पाणी राहिलेले तेल आपल्या दमट हवेत लवकर खवट होते. माक्याने केस काळे होतात आणि वाढतात, असे आजी खात्रीने सांगेल. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत वाढीला मदत झालेली दिसली आहे, पण त्यावरून माणसाच्या डोक्याविषयी तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. तेल मात्र उत्तम होते, आणि ते खोबरेलाच्या जोरावर.

ब्राह्मीच्या बाबतीत आधी कोणती ते विचारावे लागते. विहिरीच्या कडेला गोल पानांची जी पसरते, जिला शेजारच्या कोंकणी घरांत एकपानी म्हणतात, ती मंडूकपर्णी. जाड, बारीक पानांची पाणथळीतली ती जलब्राह्मी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. आवळ्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते आणि त्याचा उपयोग मुख्यतः रंगात होतो, ते पुढे येईल. तुळशीच्या लग्नाला वृंदावनात जी आवळ्याची डहाळी खोचतो, तोच हा आवळा. लोणच्याचा रायआवळा केसांसाठी घेऊ नये.

जास्वंदीची पाने, भिजवलेली मेथी आणि कोरफड यांचे काम एकच: बुळबुळीत चिकाने केसावर पातळ थर देऊन गुंता सोडवणे, म्हणजे बाटलीतल्या कंडिशनरचे. कंडिशनरमध्ये हे काम डायमेथिकोनसारखी सिलिकोन आणि धनभारित द्रव्ये करतात, आणि सरळ सांगायचे तर जास्वंदीपेक्षा अधिक टिकाऊ करतात. परसातल्या दसणीची, म्हणजे जास्वंदीची, पाने फुकट मिळतात आणि आठवड्यातून एकदा वाटायला हरकत नाही, एवढेच म्हणेन. कोरफड कापल्यावर जो पिवळा चीक गळतो, तो आधी पूर्ण निथळू द्यावा, त्याने खाज सुटते. आणि हा गर करून ठेवायचा नाही; फ्रिजबाहेर तो लवकरच नासतो. इथेच तुला पॅराबेन आणि फिनॉक्सिइथॅनॉल यांचे काम कळेल. ती संरक्षके आहेत. पाणी असलेली कोणतीही बाटली त्यांच्याशिवाय, किंवा त्यांच्या जागी दुसऱ्या कशाशिवाय, पावसाळ्यातल्या गोव्याच्या न्हाणीघरात बुरशीचे घर होईल. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण ‘संरक्षक नाही’ असे अभिमानाने लिहिणाऱ्या पाणीदार मालापेक्षा संरक्षक असलेला माल मी निवडेन.

बाटली वाचण्याची रीत अशी. भारतातल्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. पहिले नाव बहुधा ‘ॲक्वा’, म्हणजे पाणी. सुगंध सहसा एक टक्क्याच्या आत असतो, म्हणून ‘अकेशिया कॉन्सिना’, म्हणजे तुझ्या चित्रातली शिकेकाई, ‘परफ्यूम’च्या नंतर आली असेल, तर ती चिमूटभरच आहे असे समज. ‘सॅपिंडस’ म्हणजे रिठा, ‘एम्ब्लिका’ म्हणजे आवळा, ‘एक्लिप्टा’ म्हणजे माका, ‘कोकोस न्युसिफेरा’ म्हणजे नारळ. बदाम किंवा आवळ्याचे चित्र असलेल्या तेलावर ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ पहिले असेल, तर ते मुख्यतः खनिज तेल आहे. अपायकारक नाही, पण बदामाच्या भावाने घेण्यासारखेही नाही. आयुर्वेदिक परवान्याच्या तेलांवर संस्कृत नावे दिसतात: भृंगराज म्हणजे माका, आमलकी म्हणजे आवळा, जपा म्हणजे जास्वंद, अरिष्टक म्हणजे रिठा, मुस्ता म्हणजे नागरमोथा, उशीर म्हणजे वाळा. जटामांसी असेल तर विचार करून घे. ती हिमालयातली वनस्पती अतिउपशामुळे धोक्यात आली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

शेवटी मेंदी, कारण तिथे खरा धोका आहे. मेंदीतले लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला चिकटते आणि फक्त तांबूस-नारिंगी रंग देते. आजी ती लोखंडी कढईत चहाचे पाणी आणि आवळकाठी घालून रात्रभर ठेवते, तेव्हा लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने ती काळपट होते. हे ठीक आहे. परंतु बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या, अर्ध्या तासात काळेभोर करणाऱ्या पुड्यांत पॅरा-फिनिलीनडायअमाइन हे कृत्रिम रंगाचे रसायन असते, आणि त्याने कपाळ व पापण्या सुजलेले रुग्ण आमच्याकडे येतात. आजी हल्ली वेळ वाचवण्यासाठी तशी पुडी वापरते, असे बाबांकडून कळले. पुडीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र काढून मला पाठव, आणि मी पाहीपर्यंत ती आजीला लावू देऊ नकोस. तिला खाज किंवा पुरळ पूर्वी कधी आला होता का, तेही विचारून कळव.

आजीस साष्टांग नमस्कार सांग.

तुझी,
आई