खेळातला पूल आणि मोंढ्यातली कैची

प्रश्न : परभणीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी 'पॉली ब्रिज' (पूल बांधायचा) आणि 'माइनक्राफ्ट' (ठोकळ्यांनी बांधकाम करायचा) हे गेम वापरून इंजिनिअरिंगची तोंडओळख करून देणारा सुट्टीतला वर्ग काढतोय. जाहिरातीचा मिनिटभराचा व्हिडिओ केला, तर पालक म्हणतात, "पोरं घरी खेळतातच की, फी कशाची?" शिवाय लॅपटॉपच्या स्क्रीनवर पट्टे दिसतात आणि आवाज घुमतो. काय चुकलं?

उत्तर : पालकांचं बरोबर आहे. रंगलेला खेळ दाखवला की त्यांना खेळच दिसणार. पूल पडल्यापासून उभा राहीपर्यंत मुलाने काय विचार केला, ते दाखवा.

पहिली 8 सेकंद : चौकोनी चौकटींचा पूल गाडी येताच कोसळतो. त्याआधी लोगो नको, नमस्कारही नको. पुढची 20 सेकंद मुलाची. कोणता दांडा ताणाने लाल होतोय हे मूल बघतं, तिरपा दांडा टाकतं, पुन्हा गाडी सोडतं. कारण त्यालाच सांगू द्या, त्याच्या बोलीत. पाठ करून घेतलेलं वाक्य लगेच कळतं.

मग 12 सेकंद आइस्क्रीमच्या काड्या. चार काड्या कापून टोकांच्या भोकांमधलं अंतर 7 सेंमी ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्यात एकेक टाचणी घाला. बोटाने ढकलताच चौकोन कलतो. पाचवी काडी तिरपी लावली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. तिच्या भोकांमधलं अंतर 9.9 सेंमी लागतं, म्हणून ती न कापलेली घ्या. बाकीच्यांएवढीच घेतली तर कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. कोपऱ्यांना फेव्हिकॉल लावू नका. सांधा घट्ट झाला की नुसता चौकोनही उभा राहतो आणि प्रयोग फसतो.

त्यानंतर 10 सेकंद मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, पत्र्याच्या शेडची कैची (छप्पर पेलणारी दांड्यांची चौकट), खालून वर बघत. तेच त्रिकोण. माल घेऊन वर्षानुवर्षं त्या शेडखाली उभ्या राहिलेल्या बापाला वेगळं समजावावं लागत नाही. उरलेल्या 10 सेकंदांत इयत्ता, वेळ, पत्ता आणि फी. फी लपवली की फोन फक्त फी विचारायला येतात.

आता पट्टे. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करूच नका. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि थेट रेकॉर्ड करा. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. मधेच लाइट गेली आणि मशिन बंद पडलं तरी तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं. साधी एमपी४ फाइल अशा वेळी बहुधा उघडतच नाही. नंतर ओबीएसमधल्याच 'रिमक्स' या सोयीने तिची एमपी४ करता येते. मुलांचं शूटिंग मात्र मोबाइलनेच होईल. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर तिथेही पट्टे येतील.

आवाज घुमतो तो उघड्या भिंती आणि फरशीमुळे. कॅमेऱ्यात न येणाऱ्या दोन बाजूंना वाकळा टांगा, कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावा आणि बोलणं चालू असेपर्यंत पंखा बंद. उन्हाळ्यात हे सकाळी आठच्या आत उरकलेलं बरं.

माइनक्राफ्टचा लोगो आपला असल्यासारखा वापरू नका; हा वर्ग मोजांग (हा गेम बनवणारी कंपनी) किंवा तिची मालक मायक्रोसॉफ्ट यांच्याशी संबंधित नाही, असं शेवटच्या पाटीवर लिहा. मुलांचे चेहरे दाखवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. सिनेमाचं गाणं टाळा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत मिळतं.

प्रश्न : तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की धूसर का होतो?

उत्तर : ॲप तो दाबून लहान करतं. 60 सेकंदांचा व्हिडिओ सेकंदाला 8 मेगाबिट या दराने काढला तर फाइल साधारण 60 एमबी होते. ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते, पण पालक ती डाउनलोड करायचा कंटाळा करतात. म्हणून सेकंदाला 2 मेगाबिटची, सुमारे 15 एमबीची वेगळी प्रत काढा आणि तिच्यात अक्षरं मोठी ठेवा. उभी प्रत हवी असेल तर गेमच्या बाजू कापू नका, पुलाची दोन्ही टोकं जातील. 1080 बाय 1920 पिक्सेलच्या चौकटीत वर 608 पिक्सेल उंचीत पूर्ण गेम बसतो. खाली मुलाचे हात आणि काड्या दाखवा.