वांगं सोडून सोरायसिस जात नाही, पण ताटाचा संबंध आहेच

ताई, तुमच्या मिस्टरांना कोपरं, गुडघे आणि डोक्यात सोरायसिस आहे, वजन 95 किलोच्या पुढे गेलंय, सासूबाईंनी दूध, दही, वांगं, तुरीची डाळ आणि वर संत्रीही बंद केलीत. सकाळी गुळवेलाचा काढा चालू आहे आणि आता कोणीतरी "मुळासकट जाईल" म्हणून पुडी देणाऱ्याचा पत्ता दिलाय. हिवाळा तोंडावर आलाय, तर यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा तुमचा प्रश्न. मी एसटीत कंडक्टर होतो आणि हा आजार ऐन नोकरीत असल्यापासून माझ्या अंगावर आहे. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

आधी पुडीचं बोलू, कारण बाकी सगळं थोडं चुकलं तरी निभतं. सोरायसिस मुळासकट जात नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. एरवी त्वचेची पेशी तळातून वर यायला महिनाभर घेते, इथे तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं आणि खपल्यांचा थर साचतो. तो आटोक्यात राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं दिसतही नाही, पण मूळ प्रवृत्ती अंगात राहते. त्यामुळे बिनलेबलच्या पुडीने पंधरा दिवसांत कातडी लख्ख झाली, तर आनंद मानू नका, संशय घ्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं झाली आहेत. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस पहिल्यापेक्षा जोरात उसळतो. कोणाचं अख्खं अंग लालभडक होतं, कोणाला पुवाच्या फोडांनी भरून दवाखान्यात ठेवावं लागतं. शिवाय चेहरा सुजतो, साखर वाढते ते वेगळंच.

आता पथ्य. बाप्पा, नागपुरात राहून संत्री बंद! दही, वांगं, तूर, आंबट यांनी सोरायसिस वाढतो असा ठोस पुरावा नाही. एखाद्याला एखादा पदार्थ खरंच बाधतो, नाही असं नाही. पण सगळंच एकदम बंद केलं तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? ज्याच्यावर संशय आहे तो एकच पदार्थ महिनाभर बंद करा, कालनिर्णयवर खूण करून ठेवा, मग पुन्हा सुरू करून बघा. चट्टे होते तसेच राहिले तर तो पदार्थ बिचारा निर्दोष. गहू सोडायचं फॅडही सध्या आहे. रक्ततपासणीत सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) अँटिबॉडी निघाली तर त्याचा उपयोग होऊ शकतो, नाहीतर नुसता खर्च आणि घरात दोन-दोन स्वयंपाक.

खरा पुरावा आहे तो वजनाचा. जास्त वजन उतरवलं की चट्टे कमी होतात आणि औषधही जास्त लागू पडतं. पोटावरची चरबी सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते, हे त्यामागचं कारण. म्हणजे तुमच्याकडे दह्यापेक्षा रात्रीच्या जेवणाची वेळ, सकाळच्या तर्री-पोह्यावरचा तेलाचा तवंग आणि ऑफिसातला तिसरा-चौथा गोड चहा बघायला हवा. भाजीतलं फल्ली तेल हात राखून घाला. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडी-पालकासारखी पालेभाजी, वाटीभर दही, एखादं संत्रं, यात काही बिघडत नाही. जवसाची चटणी आपल्याकडची, जरूर करा. ओमेगा-3 मिळतं, पण तिने चट्टे जातील असं समजू नका. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण-तिखट-मीठ घालून थोडाथोडाच कुटायचा, कारण कुटलेला जवस लवकर खवट होतो.

सावजीबद्दल विचारलंत. तिखटाने कोणाला खाज वाढल्यासारखी वाटते, कोणाला नाही. माझं मत विचाराल तर दोष रश्श्याचा कमी आणि सोबतच्या ग्लासाचा जास्त. दारू आणि सिगारेट या दोन्हींनी सोरायसिस चिघळतो, यात वाद नाही. मिस्टर 'कधीमधी' घेतात असं तुम्ही लिहिलंय. पथ्य तिथून सुरू करा, वांग्यापासून नाही.

हिवाळ्यात मात्र खरी मेहनत तेलाची आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी, रात्री पारा दहाच्या खाली, आणि माणूस कढत पाण्याने अंघोळ करतो. तेच बंद करा. पाणी कोमट, अंघोळ आटोपशीर, अंग घासायला दगड-काथ्या काही नको. टॉवेलने टिपून घ्यायचं आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली चोपडायची. कातडी कोरडी झाल्यावर लावलेलं तेल वरच्यावर राहतं, आतला ओलावा तर निघून गेलेला असतो. झोपताना पुन्हा एकदा. डोक्यातल्या खपल्यांना रात्री कोमट खोबरेल जिरवा, सकाळी धुवा, सुटतील तेवढ्याच सुटू द्या. फणीने उकरलं की तिथे नवीन चट्टा उठतो. जिथे इजा होते, घासलं जातं, तिथे सोरायसिस उगवतो. माझ्या खांद्यावर तिकिटांच्या बॅगेचा पट्टा ज्या रेषेत बसायचा, बरोबर त्याच रेषेत चट्टा होता. पट्ट्याखाली सुती कापडाची घडी ठेवायला लागलो तेव्हा तो शांत झाला. तुमच्या मिस्टरांचा कमरेचा बेल्ट, हेल्मेटचा पट्टा, टेबलावर टेकणारी कोपरं तेवढी बघा.

कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ चालेल, नुकसान नाही, फार अपेक्षाही नको. संत्र्याच्या सालीचं उटणं, लिंबू, शिकेकाई चट्ट्यांवर नको, आग होते आणि कोरडेपणा वाढतो. कोवळं ऊन चांगलं, सकाळी दहा-पंधरा मिनिटं. पण कातडी भाजली तर त्यावरही चट्टे उठतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये जपून.

बावचीचं तेल इतवारीच्या बाजारात सहज मिळतं आणि सल्ला देणारेही. बावचीत सोरालेन असतं. तेच द्रव्य डॉक्टर ठरावीक मात्रेत देऊन मशीनखाली मोजून प्रकाश देतात, कारण त्याने कातडी उन्हाला भयंकर हळवी होते. आमच्या डेपोतला एक ड्रायव्हर हे तेल नडग्यांना चोपडून उन्हाळ्यात गच्चीवर बसला. संध्याकाळपर्यंत काही नाही, दुसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड. घरच्या घरी हा प्रयोग नको.

गुळवेल बंद करा असं मी स्पष्टच सांगीन. प्रतिकारशक्ती आधीच नको तिथे धावतेय, तिला आणखी चेतवून काय मिळवायचं? आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, हेही खरं. पण पुढेमागे मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) सुरू झालं तर त्याचाही भार यकृतावरच, मग काढा आणि दारू दोन्ही नकोच. ती गोळी सोरायसिसला आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात सगळ्यांना ठरलेला वार माहीत असू द्या.

लावायचं स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी दिलं असेल तर घाबरू नका. ते दिलं तितके दिवस, पातळ, आणि सांगतील तसं कमी करत न्यायचं. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच ट्यूब आणून महिनोन्महिने लावणं, कातडी पातळ होण्याचं कारण ते.

नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेत का, सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडतात का, एखादं बोट अख्खं सुजतं का, हे आज बघा. सोरायसिसचा संधिवात वेळेत धरला नाही तर सांधा कायमचा वाकडा होतो, तिथे कुठलंही तेल कामाचं नाही. नागपुरातली मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंतच्या सगळ्या ट्यूब, गोळ्या आणि काढ्याचं पुडकं पिशवीत घालून न्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी सोरायसिस भडकतो.

मुलांना लागेल म्हणून टॉवेल वेगळा केलाय म्हणता. हा आजार स्पर्शाने लागत नाही. सुट्टे पैसे माझ्या हातातून न घेता सीटवर ठेवा म्हणणारे प्रवासी मी पाहिलेत, घरात तरी ते नको. आणि सासूबाईंशी वाद घालू नका, त्या काळजीपोटीच करतात. पथ्याची यादी त्यांच्याकडून काढून घ्या आणि रात्री डोक्याला कोमट तेल जिरवायचं काम त्यांच्याकडे द्या. तुम्ही सांगितलं तर जो दोन दिवस टाळेल तो मुलगा आईसमोर मुकाट बसेल.