जागा सोडायची नाही

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा अर्धवट कागदही. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाच्या टॉवरसमोर बसलीस, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिलास, माणसं जमली, कुणीतरी "हा तर चिखलच झालाय की" म्हणालं आणि तू पिशवी भरून घरी आलीस. आता विचारतेस, मोबाइलवर फोटो काढून घरी निवांत रंगवलं तर काय बिघडतं? आईचंही तेच म्हणणं आहे म्हणतेस.

बिघडतं. जागा सोडायची नाही, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगते आहे.

तुझा कागद मी उजेडात धरून पाहिला. आभाळ स्वच्छ उतरलंय. तू जिथे थांबलीस तिथे प्रत्येक जलरंग असाच दिसतो. फिके थर बसलेले असतात, गडद अजून आलेले नसतात, कशालाच आकार नसतो. आणि गर्दी नेमकी तेव्हाच दाट होते, कारण कुणीतरी रंगवतंय हे तोवर चौकभर कळलेलं असतं. तो माणूस खोटं बोलला नाही. त्या घडीला चिखलच होता. दुकानांच्या पत्र्याखालचा गडद पट्टा आणि चालत्या माणसांच्या सावल्या पडल्या असत्या, तर त्याच चिखलातून रस्ता उभा राहिला असता. तेवढं बसायचं होतं ग! तेवढ्यासाठीच तर जायचं असतं.

फोटोचं म्हणशील, तर एकदा भडकल गेटसमोर उभी राहा. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला दरवाजा, काळा दगड, वरून आपलं ऊन. कॅमेरा उन्हाला बेतला की कमानीच्या आत काळं ठिक्कर, सावलीला बेतला की आभाळ पांढरं फटक. डोळ्यांना मात्र आत निळसर सावली दिसते, आणि रस्त्यावरून उसळलेल्या उजेडाची तांबूस झाक कमानीच्या पोटाला लागलेली दिसते. अल्ट्रामरीन निळा ओला असतानाच मी त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना सोडते, ढवळत नाही, तेव्हा कुठे ती झाक सापडते. फोटोत ती नाहीच. मग घरी बसून तू काय शोधणार?

अजिंठ्याच्या भिंतींसमोर ब्रिटिश सैन्यातला चित्रकार मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकापासून कितीतरी वर्षं तिथल्या चित्रांच्या नकला करत राहिला. पुढे त्याच्या हातात कॅमेरा आला, त्याने लेण्यांचे फोटोही काढले. तरी रंगासाठी तो भिंतीसमोरच बसला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. कॅमेरा हाताशी असताना तो माणूस अंधाऱ्या लेण्यात का बसत होता, याचा विचार कर.

गर्दीचं शिकता येतं. पाठ भिंतीला लाव, म्हणजे मागे कुणी उभं राहत नाही. बसण्याआधी दुकानदाराला विचार. बांगड्या नाहीतर भाजी विकणारी बाई असेल तर तिच्या शेजारी बस. अर्धी गर्दी ती परस्पर हाकलते. कानात इअरफोन नको, मागून हातगाडी आलेली कळायला हवी. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत बस आणि कागद मागूनही भिजव, नाहीतर वॉशच्या कडा लगेच धरतात. कुणी अंगचटीला आलं तर मोठ्याने ओरड, चार हात पलीकडे सरक. सरक म्हणतेय, घरी जा म्हणत नाही.

लोक विचारतात, "काय करायलात बाई? मोजणी आली का?" यावर चिडू नकोस. रस्ता रुंद करताना दुकानाचा पुढचा भाग गेलेला माणूस ते विचारत असतो, त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. कागद त्याच्याकडे फिरव, "नाही दादा, चित्र काढतेय" म्हण. "किती पैसे भेटतात?" यालाही सरळ उत्तर दे. हात मात्र थांबवू नकोस.

तू म्हणशील, बाई हट्टी आहेत. आहे मी हट्टी. एका प्रदर्शनात माझं चित्र अपुरं म्हणून परत आलं. उजवा कोपरा कोरा होता, कारण तिथे उसाची गाडी येऊन उभी राहिली आणि मागचं दिसेनासं झालं. घरी पाच मिनिटांत भरला असता. नाही भरला, आणि आजही भरणार नाही. जे पाहिलं नाही ते मी कसं रंगवू?

मुलीने चौकात बसणं माझ्या वडिलांना मान्य नव्हतं, पुढे सासरीही नव्हतं. ऐन उमेदीत मी गच्चीवरून दिसेल तेवढंच रंगवलं. त्याच वर्षांत गुलमंडीकडचे लाकडी खांबांचे वाडे एकेक करून पडले. माझ्याकडे त्यांतल्या एकाचंही चित्र नाही. फोटो आहेत, कपाटात. त्यांवरून काढा की, असं कितीजणांनी सुचवलं. ओसरीत उजेड कुठून यायचा, खांबाची सावली कुठल्या रंगाची होती, हे मला सांगता येत नाही आणि फोटोलाही सांगता येत नाही. तुला तर कुणी अडवलेलं नाही. आई फक्त काळजी करते आहे. एका माणसाच्या एका वाक्यावर तू उठतेस, याचा मला राग येतो, बाळ.

तो कागद फाडू नकोस, त्यावर आता रंगही चढवू नकोस. नवीन क्वार्टर शीट, म्हणजे पाव आकाराचा कागद, ताणून घे. त्याच जागी, त्याच वेळेला बस, म्हणजे सावल्या ओळखीच्या असतील. पाण्याच्या दोन बाटल्या ने, एक रंगाला, एक प्यायला. आईला सोबत घे, तिच्यासाठी वेगळं स्टूल ने आणि तिला गर्दीशी बोलू दे. दुपारी मला फोन कर, पण पत्र्याखालचा गडद पट्टा दिल्याशिवाय करू नकोस.

तुझी,
बाई