६० वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न घेण्याआधी बिट बदला

तुमच्या तीन तक्रारी: २५ वॅटच्या साध्या आयर्नचा बिट (तापणारं टोक) काळा पडतो, ग्राउंडच्या पिनवर सोल्डरचा नुसता गोळा होतो, आणि बोर्डावरचे पॅड (पिन जोडायचे तांब्याचे ठिपके) उखडतात. त्यावर ६० वॅटचं साधं आयर्न घ्यायचा विचार सोडा. साध्या आयर्नला तापमानाचा लगाम नसतो. ६० वॅटचं नुसतं स्टँडवर पडून ४०० अंशांपुढे जाऊ शकतं. मग फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) टेकवताच जळतो आणि बारीक पॅड आणखी लवकर सुटतात.

ग्राउंडची पिन बोर्डभर पसरलेल्या तांब्याला जोडलेली असते, ते तांबं उष्णता पिऊन टाकतं. सुईसारखा बिट पिनला जेमतेम टेकतो. मग आपण दाबतो, दहा सेकंद धरून ठेवतो, आणि तेवढ्यात पॅडखालचा गोंद सुटतो. २.४ मिमीचा चपटा, छिन्नीसारखा बिट लावा. कड पिन आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवा आणि सोल्डर बिटला नाही, सांध्याला लावा. सोल्डरची वायर ०.८ मिमी, ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), आत रोझिन फ्लक्सवाली. ती १८३ अंशांवर थेट पातळ होते. नळकामाची पेस्ट बोर्डाला लावू नका, तांबं खाते.

काळेपणाचं म्हणाल तर पितळेच्या भांड्याला कल्हई, तसा बिटवर सोल्डरचा थर कायम हवा; बंद करतानाही भरपूर थापून ठेवा. टोकाला लोहचुंबक चिकटलं तर वर लोखंडाचा मुलामा आहे, त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावला की बिट संपला. नुसत्या तांब्याचा असेल तर खुशाल घासा.

एवढं करूनही अडलं तर टी१२ (तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन) घ्या. हीटर आणि सेन्सर बिटच्या आतच असल्याने टोक थंड झाल्याचं लगेच कळतं. ३२० ते ३५० अंश पुरे. मात्र हीटर साधारण ८ ओहमचा असतो: २४ व्होल्टवर ७२ वॅट, १२ व्होल्टवर फक्त १८. राउटरचा जुना अडॅप्टर लावून टी१२ला नावं ठेवणारे बरेच आहेत!

खरेदीला ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, चालत. शनिवारी जा, रविवारी बहुतेक शटर खाली. मल्टीमीटर सोबत न्या: बिटचं टोक आणि प्लगची अर्थ पिन यांच्यात २ ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे. दोन पिनांच्या अडॅप्टरला अर्थच नसते. त्यातून गळणारी वीज बिटवाटे मॉसफेटपर्यंत (एक नाजूक ट्रान्झिस्टर) पोचते.