बीएस्सीपासून दीर्घिकांपर्यंत: सुरुवातीला एवढंच कर

भावा, दीर्घिकांवर (गॅलॅक्सींवर) संशोधन करायचं तर सुरुवात कुठनं करू असं विचारलंस ना, तर पहिल्यांदा एक सांगतो, कोल्हापुरात राहून हे होत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. शिवाजी विद्यापीठातनं फिजिक्स नीट कर, मग जेस्टची (फिजिक्समधल्या पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी, आणि आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पुण्यातच आहे की, तिथले सुट्टीतले विद्यार्थी प्रोग्रॅम बघून ठेव.

नवीन पोरं सगळ्यात मोठी चूक काय करतात तर थेट जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं टिपलेल्या, विश्वातल्या अगदी पहिल्या दीर्घिकांवर उडी मारतात. आधी तारकागुच्छ घे, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह, कृत्तिकेसारखा. गाया या अवकाश दुर्बिणीचा डेटा फुकट आहे, त्यातनं कृत्तिकेच्या भागातले तारे उतरव, एकाच दिशेनं सरकणारे वेगळे काढ आणि रंग विरुद्ध तेजस्विता असा आलेख पायथॉनमध्ये काढ. पहिल्यांदा ताऱ्यांची ती तिरकी रेघ उमटलेली बघशील ना, त्या रात्री झोप येणार नाही, मला तर आली नव्हती!

आणि या तीन गोष्टी लक्षात ठेव,

- स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस
- एरर बारशिवाय (आकडा किती चुकू शकतो ते दाखवल्याशिवाय) आकडा लिहू नकोस
- नुसत्या रंगावरनं अंतर ठरवू नकोस

तिसरी गोष्ट का सांगतोय, तर २०२२ मध्ये एका दीर्घिकेचा रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडं किती सरकलाय ते, जितका जास्त तितकी दीर्घिका लांबची) रंगावरनं १६ च्या आसपास वाटला होता, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षं, आणि पुढं स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून तपासला, तर निघाला ४.९, म्हणजे बरीच जवळची. धूळ आणि तप्त वायूच्या प्रकाशरेषांनी मोठमोठे लोक चकले तिथं.

सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर दीर्घिका घडवून बघणं) वगैरे आत्ता राहू दे. कृत्तिकेचा आलेख झाला की इथं टाक, बघतो मी.