‘बसवून ठेवलं’ असं लिहू नका

तुमच्या भावाला रात्री साडेदहाला पोलीस ठाण्यात नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं, कागद काही दिला नाही. आता ६८ वर्षांच्या वडिलांनाही साक्षीला बोलावताहेत. ‘मारलं नाही, नुसत्या शिव्या दिल्या, मग तक्रार होते का?’ असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळा आला. २०१८ साली माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं.

होते तक्रार. मी वकील नाही, मसुदा वकिलाला दाखवाच.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. कशाची चौकशी करायची ते कलम २२क्यूमध्ये दिलंय. कोठडीतला मृत्यू, जबर दुखापत, खंडणी यांच्याच रांगेत ठरलेली कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, म्हणजे अडवून ठेवणं, आहे. मार बसलेला असायलाच हवा असं नाही. मी मात्र माझ्या तक्रारीत दोन पानं शिव्यांवर खर्ची घातली आणि शेवटी लिहिलं, ‘रात्रभर बसवून ठेवलं’. हा पोलिसांचा शब्द आहे, आपण तो वापरला की स्थानबद्धता कागदावर उरतच नाही. किती वाजता नेलं, कोणी नेलं, बाहेर जाऊ दिलं का, ते लिहा. माझ्या भावाचा पट्टा आणि मोबाईल काढून टेबलाच्या खणात ठेवला होता. हे एक वाक्य पुरलं असतं, तेच राहिलं.

शिव्यांची दाद मानवी हक्क आयोगाकडे मागा. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात मानवी हक्कांच्या व्याख्येत जीवित आणि स्वातंत्र्याबरोबर व्यक्तीची प्रतिष्ठाही आहे. पण कलम ३६(२) प्रमाणे घटनेपासून एक वर्षाची मुदत. मी तिथेच बुडालो. एका कार्यालयात अर्ज दिला होता. दर खेपेला अर्धी रजा टाकून जायचं आणि ऐकायचं, ‘वर पाठवलाय, चौकशी चालू आहे.’ असे चौदा महिने गेले आणि आयोगाचं दार बंद झालं. राग अजून जात नाही. कुणाच्याही तोंडी शब्दावर थांबू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक विभागातून, हलू नका.

सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा, असा लेखी अर्ज आजच द्या. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलंय.

आणि वडिलांना पाठवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साठीपुढच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. फोन आला तर लेखी नोटीस मागा आणि घरी येऊन जबाब घ्या म्हणा.