‘अधिसूचनेतील संशोधन’ म्हणजे नक्की काय?

देवगडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांची भाची पर्यावरण कायद्यात पीएचडी करते. प्रबंधाच्या मराठी सारांशात तिनं लिहिलं, ‘२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेतील संशोधनांचा किनारी गावांवर झालेला परिणाम’. (सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगत काय करता येईल याचे नियम.) ते वाचून घरात कुणीतरी विचारलं, अधिसूचनेत संशोधन कुणी केलं आणि कसलं? भाचीचं म्हणणं, राजपत्रात हाच शब्द आहे. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: बरोबर कोण, आणि ‘शोध’, ‘संशोधन’, ‘अनुसंधान’ ही एकाच अर्थाची तीन नावं आहेत का.

राजपत्रात शब्द आहे खरा, पण हिंदी मजकुरात. हिंदीत कायद्यातल्या बदलाला संशोधन म्हणतात, म्हणून तिकडे ‘संविधान संशोधन’ होतं. मराठीत आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो आणि विधिमंडळात येतं ते ‘सुधारणा विधेयक’. म्हणजे घरातल्या माणसाची शंका रास्त. आता ‘सुधारणा’ हा कायद्याच्या मराठीतला रुळलेला शब्द असला, तरी मला तो वर्णनात जरा खटकतो. सुधारणा झाली म्हटलं की काहीतरी बरं झालं असा भास होतो, आणि बदल बरा की वाईट हेच तर प्रबंधाला तपासायचं आहे. दुरुस्ती म्हटलं तर आधीचं मोडलेलं होतं असं गृहीत धरल्यासारखं होतं. म्हणून कायद्याचं नाव देताना ‘सुधारणा’ आणि आपल्या वाक्यात ‘फेरबदल’, असं मी तरी करेन: ‘२०११ च्या अधिसूचनेत वेळोवेळी झालेले फेरबदल’.

मात्र २०१९ ची अधिसूचना या फेरबदलांत धरू नये. पहिली सीआरझेड अधिसूचना १९९१ ची. २०११ ची तिच्या जागी आली आणि १८ जानेवारी २०१९ ची २०११ च्या जागी. दोन्ही वेळा आधीची अधिसूचना अधिक्रमित झाली, म्हणजे बदलली नाही, बाजूलाच ठेवली गेली. हा कीस उगाच काढत नाही. २०१९ च्या अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती असेल तिथं भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला भाग, ५० मीटरचा, बाकी ठिकाणी पूर्वीसारखा २०० मीटरचा. हे नव्या अधिसूचनेतलं आहे की जुनीतल्या फेरबदलातलं, यावर प्रबंधातली प्रकरणंसुद्धा वेगळी पडतील.

आता एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आले कुठून? मूळ धातू शुध्, म्हणजे शुद्ध होणं. शोधन म्हणजे मळ काढणं, संशोधन म्हणजे तो नीट, पूर्ण काढणं. हिंदीनं कायद्याच्या मजकुरातला दोष काढण्यासाठी तो शब्द घेतला, मराठीनं ज्ञानातला. त्यामुळे हिंदीचा अर्थ चुकीचा आहे असं म्हणण्यात काही हशील नाही. जुन्या मराठीतही तो होता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या ओव्यांत ‘तो शोधूनियां’ असं येतं. तिथं नाथ हरवलेला ग्रंथ शोधत नव्हते, पाठांतरात शिरलेली अशुद्धं काढत होते. छापखान्यातल्या ‘मुद्रितशोधना’त, म्हणजे प्रूफं तपासण्यात, तो अर्थ अजून टिकून आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं सगळ्यांत नावाजलेलं काम कोणतं, तर महाभारताची चिकित्सक आवृत्ती. अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली संहिता. तिथं संशोधनाचे दोन्ही अर्थ एकाच कामात आले. (ज्यांच्या नावानं ते मंदिर आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मानं मालवणचे, हे जाता जाता.)

वैद्यकात तर दोन्ही अर्थ एका वाक्यात येऊ शकतात. आयुर्वेदात पंचकर्माला शोधन म्हणतात, आणि बिब्ब्यासारखं दाहक द्रव्य औषधात घालण्याआधी विटेच्या चुऱ्यात घोळून सौम्य करतात तेही शोधनच. तेव्हा ‘बिब्ब्याच्या शोधनावरील संशोधन’ हे अगदी निर्दोष मराठी आहे. ऊर्जेच्या बाबतीत मराठीनं दुसरी वाट धरली. हिंदीत ‘तेलशोधक कारखाना’ असतो, आपल्याकडे ‘तेलशुद्धीकरण प्रकल्प’. नाणार आणि बारसूच्या वादात वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला आणि गावानं ‘रिफायनरी’. ‘तेलशोधन’ मराठीत लिहिलं तर समुद्रात तेल शोधायला कुणी निघालं आहे असं वाटेल.

शोध आणि संशोधन यांतला फरक जास्त रंगतदार आहे. संशोधन ही करत राहण्याची गोष्ट, शोध हे त्यातून हाती आलेलं फळ. ते कधी येतही नाही, तरी संशोधन झालेलं असतंच. पण मराठीत शोधाचा अर्थ ठरवतं ते पुढचं क्रियापद. हरवलेल्याचा शोध घेतात. (मालवणीत ‘सोदूक’ जातात.) सापडलं की शोध लागतो. आणि नवं काही जगापुढं आणलं की शोध लावला म्हणतात.

‘विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला’ हे वाक्य तिकडे गेलेल्या प्रत्येकानं ऐकलं असेल. लॉकयरसाहेबांनी इथूनच ग्रहण पाहिलं असं सांगत किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गेली, हे खरं. त्याच ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरहून सूर्याचा वर्णपट पाहत होते. सूर्याच्या ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक आहेत की ग्रहण नसतानाही दिसतील, हे त्यांच्या लक्षात आलं. इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, त्यांनी तशाच रेषा पाहिल्या आणि त्यांत एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे त्यांनी ताडलं. ती रेषा हेलियमची. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांच्या प्रयोगशाळेत. मग शोध लागला कुठं? ‘लागला’ या क्रियापदाला शोध लावणारा माणूस सांगावा लागत नाही, म्हणून दंतकथेला ते फार सोयीचं. ‘लावला’ म्हटलं की कोणी, कुठून, कधी ही उत्तरं द्यावी लागतात आणि लॉकयरसाहेबांना किल्ल्यावर आणून बसवणं अवघड होतं.

उलट बाजूचं उदाहरण महाडचं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी ‘प्राझोसिनचा शोध लावला’ असं कधी कधी वाचायला मिळतं. ते औषध रक्तदाबासाठी आधीपासून होतं. लाल विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं, तेव्हा हेच औषध जीव वाचवतं, हे बावस्करांनी रुग्णांची नोंद ठेवत, निरीक्षण करत दाखवलं, आणि लॅन्सेटसारख्या नियतकालिकानं ते छापलं. इथं ‘शोध लावला’पेक्षा ‘विंचूदंशावरचा उपचार शोधून काढला’ हे नेमकं. औषध शोधण्याचं श्रेय दुसऱ्याचं, म्हणून त्यांचं संशोधन तसूभरही कमी ठरत नाही.

अनुसंधानाचं उत्तर थोडक्यात. हिंदीत संशोधन हा शब्द कायद्यात गुंतल्यामुळे संस्थांच्या नावांत अनुसंधान बसला: तिकडे ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’, इकडे ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला कुणी फळ अनुसंधान केंद्र म्हणणार नाही. मराठीत अनुसंधान राखायचं ते देवाचं. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला ‘परमाणु अनुसंधान’ ऐकून अणूचं ध्यान लावल्यासारखं वाटलं तर दोष त्याचा नाही. ‘आविष्कार’चीही तीच गत. हिंदीत तो नवं यंत्र शोधणं, मराठीत कलेचं प्रकटणं. आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं नाव मात्र ‘आविष्कार’!

संगणकावर गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथं बटणावर ‘शोध’ नुसता, क्रियापदाविना येतो. मराठी वाचकाला त्या बटणानं काही शोधायचं असतं. हिंदी वाचकाला शोध म्हणजे रिसर्च. प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या संग्रहाचं नाव त्या हिंदी अर्थानंच आहे. ‘शोधनिबंध’ आणि ‘शोधप्रबंध’ मराठीतही त्याच अर्थानं चालतात, ते पक्के रुळलेत, त्यांना हात लावू नये. ‘शोधार्थी’ मात्र मला अजून परका वाटतो. भाचीनं परिचयात ‘संशोधक विद्यार्थिनी’ लिहावं. आणि बटणावर ‘शोध’ऐवजी ‘शोधा’ लिहिलं की काम भागतं.